केकपॉपची फुलं घरच्या घरी: प्राजक्तापासून सुरुवात करा

केकवर ठेवलेलं फूल खाता आलं पाहिजे, आणि खाल्ल्यावर आवडलंही पाहिजे. घरी सजावट करायची तर एवढी अट पाळाच. बाजारच्या केकवरची कितीतरी फुलं कापायच्या आधी उचलून ताटलीच्या कडेला ठेवावी लागतात. कुणात तार असते, कुणात प्लास्टिकचे परागकण, आणि काही नुसती दगडासारखी कडक साखर. घरी केकपॉपची, म्हणजे काडीवर लावून चॉकलेटमध्ये बुडवलेल्या छोट्या केकची, फुलं याहून कितीतरी चांगली जमतात, आणि त्याला महागडी पेटी लागत नाही. मोदकाची पारी करायची सवय असलेला अंगठा, करंजीची कातण, शेवेचा सोऱ्या आणि समोर एक खरं फूल, एवढं असलं की निम्मं काम झालं.

खरं फूल समोर ठेवा, हे अगदी आग्रहानं सांगते. नवीन शिकणारे बहुतेक जण व्हिडिओत दिसणारी परदेशी, शंभर पाकळ्यांची फुलं करायला घेतात. ते फूल त्यांनी कधी हातात धरलेलं नसतं, त्यामुळे पाकळी कुठून वळते, कुठे पातळ होते ते बोटांना कळत नाही. त्यापेक्षा बडोद्यात आपल्या दारात काय फुलतं ते बघा. जुन्या घरांच्या अंगणात तगर, जास्वंद आणि प्राजक्त असतात, कुंपणावर गोकर्ण असते. घरी झाड नसेल तर सकाळी खंडेराव मार्केटमधून दोन-चार प्रकारची फुलं आणा, किंवा कमाटीबागेत एक फेरी मारा. १८७९ साली उघडलेली ही बाग फुलं न्याहाळायला आजही उत्तम आहे. तोडू मात्र नका, फोटो काढा. आणलेल्या फुलाच्या पाकळ्या एकेक करून सोडवा आणि ताटलीत ओळीनं मांडा. किती आहेत, सगळ्या सारख्या आहेत का, कोणती कोणाच्या खाली सरकली आहे, टोक गोल आहे की मधोमध खाच आहे? हे दहा मिनिटांचं बघणं पुढे तासभर वाचवतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. बाजारातून आणलेलं फूल फक्त बघायला, केकवर ठेवायला नाही. पूजेची, हाराची फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात. त्यांच्यावर कीटकनाशकाची फवारणी असते, आणि कधी कधी रंगही लावलेला असतो. शिवाय कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई, सदाफुली, घाणेरी ही झाडं विषारी आहेत, चाफ्याचा चीक त्रासदायक असतो आणि तगरही खाण्याचं फूल नाही. यांचे आकार साखरेत किंवा चॉकलेटमध्ये जरूर करा, पण खरं फूल केकला टेकवूसुद्धा नका. खरीच पाकळी वापरायची असेल तर घरच्या कुंडीतला, फवारणी न केलेला देशी गुलाब, जास्वंद, गोकर्ण किंवा झेंडूच्या पाकळ्या घ्या. रोपवाटिकेतून कालच आणलेल्या रोपाची फुलंही नकोत. ती गळून नवीन बहर येईपर्यंत थांबा.

केक कसा असावा

केकपॉप दोन तऱ्हेचे असतात. एक थेट साच्यात भाजलेले, दुसरे केकचा चुरा मळून घडवलेले. फुलासाठी दुसरी तऱ्हा चांगली, कारण मळलेल्या चुऱ्याला हवा तो आकार देता येतो.

बडोद्यात करत असाल तर बिनअंड्याचाच केक करा, असा माझा सल्ला आहे. शेजारपाजारच्या गुजराती आणि जैन घरांत डबा जाणार, मुलांच्या वर्गात वाटला जाणार. मग सगळ्यांना खाता येईल असंच करावं. दह्याचा केक यासाठी छान असतो. इथे लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, मोठा म्हणजे १५ मिलिलिटरचा धरा. १ कप ताज्या दह्यात पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा लहान चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं तसंच ठेवा. दही फेसाळून वर येईल. मग अर्धा कप तेल, १ लहान चमचा व्हॅनिला आणि चाळलेला दीड कप मैदा घाला. मैदा घातल्यावर जास्त फेटू नका, गुठळ्या मोडल्या की पुरे. आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला.

तेलाबद्दल एक सांगायचं आहे. आपल्याकडे घरोघर शेंगतेल असतं, पण त्याचा वास केकमध्ये लपत नाही. सूर्यफुलाचं किंवा कपाशीचं रिफाइंड तेल घ्या.

केक पूर्ण गार होऊ द्या. आदल्या दिवशीच केलात तर उत्तम. गरम केकचा चुरा केला की तो आपोआप लगदा होतो आणि पुढे काहीच हातात राहत नाही. चुरा करण्याआधी वरची, खालची आणि कडेची तपकिरी साल कापून टाका. ती राहिली तर कडक कण लागतात आणि पांढऱ्या कोटिंगखालून ठिपके दिसतात. उरलेला मऊ केक हातानं चोळा किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सुमारे ५०० ग्रॅम चुरा मिळेल आणि त्यात वीसच्या आसपास पॉप होतील.

मळणं: इथे घाई नको

चुरा बांधायला काहीतरी ओलं लागतं. लोणी आणि आयसिंग शुगरचं क्रीम चालतं, गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) चालतं, कंडेन्स्ड मिल्क सगळ्यात सोपं. ५०० ग्रॅम चुऱ्याला आधी २ मोठे चमचेच घाला. बहुतेक कृतींत याच्या दुप्पट लिहिलेलं असतं, पण दह्याचा केक मुळातच ओलसर असतो. मळा आणि मुठीत दाबून बघा. गोळा एकसंध राहिला, हाताला चिकटला नाही आणि तळव्याला तेल लागलं नाही, की प्रमाण बरोबर. दाबल्यावर तडा गेला तर लहान चमच्यानं थोडं थोडं वाढवा. जास्त ओलं झालं तर दूधपावडर किंवा मारी बिस्किटांचा बारीक चुरा मिसळा. ओला लगदा जड होतो आणि काडीवरून खाली घसरतो. केकपॉप पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

चव इथेच द्यायची, कारण पुढे सगळं चॉकलेटच असणार आहे. गुलाबाचे पॉप करायचे तर २ मोठे चमचे गुलकंद आणि एकच चमचा कंडेन्स्ड मिल्क घाला. प्राजक्तासाठी मला सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणि वेलची आवडते. शेवंतीसाठी मावा परतून, गार करून, केशराबरोबर मळा. चक्का घालायचा मोह होईल, श्रीखंड आपल्या इतकं जवळचं आहे, पण तो टाळा. चक्क्यातलं पाणी हळूहळू सुटतं आणि कोटिंगला आतून घाम येतो.

आकार आणि काडी

मळलेला गोळा दोन बटर पेपरांमध्ये ठेवून २ सेंटिमीटर जाडीची वडी लाटा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवल्या की लाटणं त्यांच्यावर टेकतं आणि जाडी सगळीकडे सारखी राहते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग साडेचार सेंटिमीटरच्या फुलाच्या कटरनं कापा. कटर निवडताना पाकळ्यांमधल्या खाचा खोल आहेत ना ते बघा. कोटिंग या खाचांत जाऊन बसतं, आणि खाच उथळ असली की बुडवून काढल्यावर फुलाचा नुसता गोल उरतो. उरलेलं पुन्हा मळून पुन्हा लाटा, काही वाया जात नाही.

काड्या १५ सेंटिमीटरच्या कागदी लॉलीपॉप काड्या घ्या. अणकुचीदार बांबूच्या काड्या लहान मुलांच्या हातात नकोत. काडीचं टोक दीड सेंटिमीटर वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचं आणि लगेच फुलात खुपसायचं. चॉकलेट गोठलं की काडी आणि केक एकमेकांना धरून ठेवतात. काडी पाकळीच्या मधोमध, जाड भागातून घाला, आणि फुलाच्या मध्यापर्यंत जाऊ द्या. खाचेतून घातली तर तिथे केक पातळ असतो आणि दोन भाग होतात. मग पुन्हा १५ ते २० मिनिटं फ्रिजमध्ये.

प्राजक्ताला मात्र काडी वेगळी लावते. फुलाच्या मागून, बरोबर मध्यात, सरळ. प्राजक्ताचं फूल पांढरं आणि देठ केशरी. काडीच्या वरच्या दोन सेंटिमीटरवर केशरी चॉकलेटची पातळ पट्टी गुंडाळली आणि फुलाच्या मध्यात केशरी ठिपका ठेवला, की काडीच देठ होते. पाकळ्या पाच ते आठ असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला खाच असते. ती खाच टूथपिकनं दाबून करा. सुरुवातीसाठी याहून चांगलं फूल नाही. रंग दोनच, पाकळ्या सपाट, आणि कुणालाही पाहताक्षणी ओळखू येतं.

कोटिंग

चॉकलेट दोन प्रकारचं मिळतं. कोको बटर असलेलं खरं चॉकलेट, आणि वनस्पती स्निग्ध घातलेलं कंपाउंड. खऱ्या चॉकलेटची चव सरस असते यात शंका नाही, पण ते ठरावीक तापमानांतून नेऊन बसवावं लागतं. नाहीतर वर पांढरे पट्टे येतात आणि ते बोटाला चिकटतं. शिकताना कंपाउंडच घ्या. वीस पॉपना साधारण ५०० ग्रॅम लागतं. थोडं उरतं, पण बुडवायला भांड्यात खोली लागते म्हणून कमी वितळवून चालत नाही.

बारीक तुकडे करा. मायक्रोवेव्ह अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, ढवळा, मग १५-१५ सेकंद. गरम पाण्यावर वितळवणार असाल तर वरच्या भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका आणि वाफ आत येऊ देऊ नका. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट दाणेदार आणि घट्ट होतं, कारण त्यातली साखर पाणी धरून गुठळ्या बांधते. तसं झालं तर ते बुडवण्याच्या कामाचं राहत नाही. त्यात पुरेशी गरम साय किंवा क्रीम घालून गनाश करा आणि पुढच्या वेळी चुरा मळायला वापरा. पांढरं कंपाउंड विशेष नाजूक असतं. ते ५० अंशांच्या वर गेलं की दाट होऊ लागतं. बोटाला नुसतं कोमट लागेल इतपतच तापवा.

दाट वाटलं तर २०० ग्रॅमला १ लहान चमचा वितळलेलं वनस्पती तूप घाला. खोबरेल अनेक कृतींत दिसतं, पण ते २४ अंशांच्या आसपासच वितळतं. आपल्या उन्हाळ्यात त्यानं कोटिंग कधी टणक होतच नाही.

उंच, अरुंद ग्लासात चॉकलेट भरा. पॉप सरळ खाली बुडवा, फिरवू नका, सरळ वर काढा. ग्लासाच्या कडेवर मनगट हलकेच आपटून जादा चॉकलेट गळू द्या. काडी जिथे केकमध्ये शिरते तिथपर्यंत कोटिंग पोचलंच पाहिजे. तिथे फट राहिली तर एक-दोन दिवसांत तिथूनच तेल झिरपायला लागतं. मग थर्माकोलच्या तुकड्यात उभं करा. प्राजक्तासारखं मागून काडी लावलेलं फूल असेल तर चॉकलेट चमच्यानं वरून ओता.

कोटिंगला तडे का जातात, हा प्रश्न सगळे विचारतात. आतला केक फार थंड असतो म्हणून. बाहेर आला की तो गरम होत फुगतो आणि वरचं गोठलेलं कवच ताणून फोडतो. फ्रीझरमधून काढून थेट बुडवू नका. फ्रिजमधून काढून पाच-सात मिनिटं बाहेर राहू द्या, मग बुडवा.

चॉकलेटची कणीक

मला या सगळ्यात हाच भाग सर्वात प्रिय आहे. फाँडंटची, म्हणजे साखरेच्या मऊ, लाटता येणाऱ्या कणकेची फुलं सुबक दिसतात, पण खाताना लोक ती बाजूला काढतात. चॉकलेटच्या कणकेची फुलं मुलं आधी खातात. तिची चव चॉकलेटची असते आणि ती मातीसारखी घडवता येते.

३०० ग्रॅम पांढरं कंपाउंड आणि १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, वजन करूनच घ्या. कंपाउंड वितळवून कोमट होऊ द्या. ग्लुकोजही तेवढंच कोमट करा. एकात दुसरं ओतून पसरट चमच्यानं हळूहळू उलथत राहा. काही क्षणांतच मिश्रण घट्ट होऊन भांडं सोडू लागेल. तिथे थांबा. पुढे ढवळत राहिलात तर तेल सुटतं आणि गोळा चरचरीत होतो. प्लास्टिकमध्ये चपटं गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी ते दगडासारखं वाटेल, घाबरू नका. लहान तुकडा घेऊन तळव्याच्या ऊबेनं मळा, मऊ होतं. मळताना तेल सुटलंच तर गोळा गार होऊ द्या आणि पुन्हा मळा, तेल आत जातं. गडद कंपाउंड वापरायचं असेल तर ग्लुकोज थोडं जास्त लागतं, साधारण दोनास एक. बंद डब्यात, थंड जागी ही कणीक दोन-तीन आठवडे सहज टिकते.

आता पाकळी. हरभऱ्याएवढा गोळा दुधाच्या पिशवीच्या धुऊन पुसलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवा आणि अंगठ्यानं दाबत न्या. मोदकाच्या पारीची कड जशी पातळ आणि बूड जाडसर ठेवतो, तसंच इथे करायचं. कड कागदासारखी, खालचा भाग भक्कम. ज्यांच्या हाताला मोदकाची सवय आहे त्यांना हे पहिल्याच बैठकीत जमतं. पाकळ्या सगळीकडे सारख्या जाड राहिल्या की फूल खेळण्यातलं दिसतं.

तगर करायची तर पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या, सगळ्या एकाच दिशेला किंचित वळलेल्या. जास्वंदीलाही पाचच, पण मोठ्या, एकीची कड दुसरीखाली जाणारी. कडेवरून चमच्याचा दांडा फिरवला की झालर पडते. मधोमध बाहेर आलेला केसरदांडा बारीक वळून बसवा. त्याला वितळलेलं चॉकलेट लावून हळदीत घोळलेली भाजकी खसखस चिकटवा आणि टोकाला पाच लाल ठिपके द्या. खरं फूल बघा, तिथे पाचच असतात.

झेंडूसाठी कणीक लांबट लाटा, कातणीनं दोन सेंटिमीटर रुंद पट्टी अशी कापा की एक कड नक्षीदार येईल. दुसऱ्या, सरळ कडेला चुण्या घालत पट्टी गुंडाळत न्या. दोन-तीन पट्ट्यांत भरगच्च झेंडू तयार. शेवंतीसाठी सोऱ्याला शेवेची ताटली लावा, मऊ मळलेली कणीक दाबा, पडणाऱ्या शेवया अंगठ्याएवढ्या तोडून पॉपच्या मध्याभोवती आत वळलेल्या बसवा. सोऱ्या आधी धुऊन पूर्ण कोरडा करा आणि त्यात मागच्या शेवेचा ओवा-तिखटाचा वास राहिलेला नाही ना, तेही बघा.

गुलाब शेवटी शिका. मधली कळी शंकूसारखी करा, उंची पाकळीएवढी. पहिली पाकळी कळीला पूर्ण लपेटून टोक झाकते. मग तीन, त्यांच्याबाहेर पाच, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या मध्यापासून सुरू होते. बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा मागे वळवा. बूड फार जाड झालं तर सुरीनं सपाट कापा, आणि एका थेंब चॉकलेटनं पॉपवर चिकटवा. टूथपिक आत ठेवून आधार देऊ नका. टूथपिक आत आहे हे आपल्याला माहीत असतं, खाणाऱ्याला नसतं.

फाँडंटच हवं असेल, उदाहरणार्थ मोठ्या केकवर उभं राहणारं फूल, तर २५० ग्रॅम तयार फाँडंटमध्ये १ लहान चमचा टायलोज किंवा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळवणारी खाद्य पूड) मळा आणि झाकून दोन-तीन तास ठेवा. पाकळी कडक वाळते. वाळवताना चमच्याच्या खोलगट भागात ठेवली की सुंदर बाक येतो.

साखरेतल्या गुलाबपाकळ्या

खऱ्या पाकळ्या टिकवायची जुनी रीत म्हणजे अंड्याचा पांढरा बलक लावून साखर भुरभुरवणं. अंडं नको असेल तर डिंक. बाभळीचा खायचा डिंक बारीक कुटा. १ लहान चमचा पूड २ मोठे चमचे गुलाबपाण्यात रात्रभर भिजवून गाळा. पूर्ण विरघळला तर डिंक बरोबर आहे, फुगून जेलीसारखा झाला तर तो कतीरा आहे, तो इथे चालत नाही. पाकळ्या धुऊन अगदी कोरड्या करा. बुडाचा पांढरा भाग कडवट लागतो, तो कापून टाका. मऊ ब्रशनं दोन्ही बाजूंनी पातळ डिंकपाणी लावा, बारीक दाणेदार साखर भुरभुरवा, जाळीवर एक-दोन दिवस वाळवा. कुरकुरीत झाल्या की हवाबंद डब्यात महिनोन्‌महिने राहतात.

रंग

चॉकलेटमध्ये पाण्याचा रंग चालत नाही, कारण वर सांगितलंच आहे. तेलातला किंवा पावडरीचा घ्या. हळद मात्र स्निग्धात छान उतरते. चिमूटभर हळदीनं पांढरं कंपाउंड पिवळं होतं, आणि त्यात थोडा तांबडा मिसळला की प्राजक्ताच्या मध्यासाठी केशरी. बीटाच्या पावडरीनं फिकट गुलाबी येतो, पण कण दिसतात, म्हणून आधी मलमलीतून चाळा. गोकर्णाच्या फुलांचं पाणी आयसिंग शुगरमध्ये कालवलं तर निळं, त्यातच लिंबाचे थेंब टाकले तर जांभळं. एकाच वाटीतून दोन फुलांचे रंग मिळतात.

विकतच्या रंगाच्या बाटलीवर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक असलाच पाहिजे. आपल्याकडे खाण्यात मोजकेच आठ कृत्रिम रंग परवानगीचे आहेत. सुटा, पुडीतला, नाव नसलेला रंग कितीही झळझळीत दिसला तरी घेऊ नका. चमकीचंही तसंच. डबीवर 'बिनविषारी' लिहिलं म्हणजे ती खाण्याची होत नाही. 'खाद्य' असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी असलेलीच घ्या.

शाकाहारी घरांसाठी करताना हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका बघा आणि घटकही वाचा. तयार फाँडंट आणि मार्शमॅलोत जिलेटीन असू शकतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. रंगांमध्ये क्रमांक १२० म्हणजे किड्यांपासूनचा लाल. चकाकणाऱ्या गोळ्यांवर क्रमांक ९०४ असेल तर ती लाख आहे, काही जैन कुटुंबं तीही टाळतात, विचारून घ्या. चांदीचा वर्ख लावणार असाल तर तो यंत्रावर केलेला घ्या. २०१६ साली वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरायला मनाई करण्यात आली होती, तरी सुटा वर्ख घेताना दुकानदाराला विचारलेलं बरं.

बडोद्याची हवा

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लोण्याच्या क्रीमची फुलं करूच नका, ती पंख्याखालीही उभी राहत नाहीत. चॉकलेटचं काम सकाळी लवकर किंवा एसीच्या खोलीत करा आणि हात मधून मधून थंड पाण्यात बुडवून नीट पुसा. पावसाळ्यात अडचण उलट. साखर हवेतलं पाणी ओढते, फाँडंट चिकट होऊन चमकायला लागतं, वाळलेल्या पाकळ्या माना टाकतात. गणपतीच्या दिवसांत फाँडंटचं फूल करायचंच असेल तर टायलोज थोडं वाढवा आणि पाकळ्या बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून वाळवा. चॉकलेटच्या कणकेला दमटपणाचा एवढा त्रास होत नाही. डिसेंबर-जानेवारीत सगळंच सोपं असतं. शिकायला सुरुवात शक्यतो तेव्हा करा.

फाँडंटची आणि साखरेची फुलं फ्रिजमध्ये ठेवू नका. ती हवाबंद डब्यात बाहेरच राहू द्या आणि केकवर शेवटच्या तासात लावा. कंडेन्स्ड मिल्क किंवा गुलकंदानं बांधलेले, नीट कोटिंग केलेले पॉप थंडीत बाहेर दोन दिवस चांगले राहतात. उन्हाळ्यात, किंवा मावा आणि क्रीम घातलेले असतील तर कधीही, फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. बाहेर काढताना डबा लगेच उघडायचा नाही. बंद डबाच अर्धा तास ओट्यावर ठेवा. दव डब्याच्या बाहेरून धरेल, फुलांवर नाही.

दुचाकीवरून न्यायचे तर उंच डब्याच्या तळाशी थर्माकोल चिकटवून त्यात काड्या रोवा, पॉपांमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि डबा पायांपाशी सपाट ठेवा, हँडलला लटकवू नका. चार वर्षांखालच्या मुलांना पॉप काडीवरून काढून, चार तुकडे करून द्या. काजू-बदाम घातले असतील तर ते डब्यावर लिहा. विकायला सुरुवात करायची असेल तर पहिल्या ऑर्डरच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, ती घरगुती स्वयंपाकघरालाही लागू आहे.